तक्रार नोंदवली

“मग?” अप्पा म्हणाले.

“मग काय, मग पान पांढरं! कोरं! एरर नाही, काही नाही. नुसतं पांढरं पान माझ्याकडे बघतंय.”

“मग?”

“मग मी लॉग बघायला गेले. म्हणजे अप्पा, साइटचं काही बिघडलं की ती जिथे बोंब लिहून ठेवते ना, ती फाइल. तर तीसुद्धा कोरी! आता बोंबही मारता येत नाही म्हणजे काय? म्हणजे तिला लिहिताच येत नाहीये, म्हणजे… थांबा. थांबा हं अप्पा. लिहिताच येत नाहीये! नव्या सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच दिली नाहीये मी!”

“नोंदवली,” अप्पा म्हणाले, खुर्ची मागे सरकवली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले.

हसू नका रे! खरंच असंच चालतं आमच्याकडे. म्हणजे चालायचं. नाही, चालतं. ते सांगायलाच तर बसलेय ना मी, मध्ये मध्ये बोलू नका, मला तुटक सांगता येत नाही.

तर आमचे अप्पा टेलिफोन ऑफिसात होते. इंजिनिअर नाही हं, खांबावर चढणारे लाइनमनही नाहीत. तक्रारींच्या टेबलावरचे कारकून. कुणाचा फोन बंद पडला की शेजारच्याकडून नाहीतर दुकानातून लोक फोन करायचे, तो अप्पा उचलायचे. डाव्या कानाला फोनची ती काळी जड वाटी लावलेली, समोर कागद, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “बोला, तक्रार काय?” मग समोरचा बोलायचा, ओरडायचा, खात्याचा उद्धार करायचा. अप्पा मध्ये फक्त “मग?” म्हणायचे. शेवटी म्हणायचे, “नोंदवली.” तो कागद लाइनमनकडे जायचा. संपलं. अख्खी नोकरी त्यांनी या एवढ्यावर केली. बढती एकदाच झाली, आणि तीही टेबल खिडकीजवळ आलं एवढीच, असं आई म्हणते.

त्यांची एक आवडती गोष्ट आहे. एक गृहस्थ असाच तावातावाने ओरडत होता. फोन बंद, तुम्ही सगळे फुकट पगार खाता, वर तक्रार करीन, पेपरात देईन. अप्पा म्हणाले, “मग?” तो म्हणाला, “मग काय, काल सकाळपर्यंत व्यवस्थित चालू होता!” अप्पा म्हणाले, “मग?” तो म्हणाला, “मग दुपारी आम्ही कपाट सरकवलं आणि…” आणि पलीकडे एकदम शांतता. मग अगदी बारीक आवाजात, “ठेवतो हं.”

अप्पा म्हणतात, “माणसाला आपली तक्रार पूर्ण सांगू द्यावी. निम्म्या लोकांना सांगता सांगताच कपाट आठवतं.”

आता माझं काम तुम्हाला माहितीये. पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये वेबसाइट बांधते मी. फ्रेमवर्क म्हणजे, ए तू तोंड वाकडं करू नकोस, अगदी सोपं सांगते, घराचा सांगाडा आयता मिळतो. खांब, तुळया, नळाच्या लाइनी सगळं तयार. आपण भिंती घालायच्या, रंग द्यायचा. सोपं वाटतं ना? पण नळ उघडला आणि दिवा लागला, की कुठली लाइन कुठे गेलीये ते शोधायला तो आयता सांगाडा आतून माहीत असावा लागतो. आणि मला पहिल्या वर्षी तो ओ की ठो माहीत नव्हता.

घरूनच काम. जेवणाच्या टेबलाची एक बाजू माझी. पहिल्याच महिन्यात एकदा फॉर्म भरून बटण दाबलं की साइट म्हणायची, पान शिळं झालं, पुन्हा प्रयत्न करा. आत्ता उघडलेलं पान शिळं कसं होईल? सकाळपासून तेच. मी डोकं टेबलावर टेकून बसले होते. अप्पा नुकतेच रिटायर झालेले, घरात काय करावं कळत नव्हतं त्यांना, वर्तमानपत्राच्या जाहिरातीसुद्धा वाचून झालेल्या. त्यांनी समोरची खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “बोला मॅडम, तक्रार काय?”

मी म्हटलं, “अप्पा, तुम्हाला नाही कळायचं हो.”

ते म्हणाले, “मला टेलिफोन तरी कुठे कळत होता?”

मग सांगितलं. आणि सांगता सांगता कपाट आठवलं! प्रत्येक फॉर्मबरोबर एक गुपचूप शिक्का जावा लागतो, हा फॉर्म आमच्याच पानावरून आलाय असा, आणि तो मी घालायलाच विसरले होते.

“नोंदवली,” अप्पा म्हणाले, आणि त्या दिवशी ते दोन वाट्या आमटी जास्त जेवले, असं आईचं म्हणणं.

तेव्हापासून हे सुरू. ऑफिसातली बाकीची पोरं अडली की इंटरनेटवर शोधत बसतात. मी म्हणते, “अप्पा, तक्रार आहे.” की अप्पा हातातलं टाकून येतात. समोर बसतात, कोपर टेबलावर, नजर माझ्या तोंडावर. एक अक्षर कळत नाही त्यांना, आणि विचारतही नाहीत. फक्त मी जिथे अडखळते, नेमकं तिथे, “मग?” अहो काय टायमिंग! आमचे सर एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, “तुला या अडचणी एवढ्या पटकन कशा सुटतात गं?” मी म्हटलं, “सर, आमच्या घरी तक्रार विभाग आहे.” त्यांना वाटलं विनोद केला.

आता खरी गोष्ट.

आई गेलं वर्षभर एकच टुमणं लावून होती. “यांना कमी ऐकू येतं.”

अप्पा म्हणायचे, “तू पुटपुटतेस.”

“मी पुटपुटते? मी? शेजारची येऊन विचारून गेली, काकू भांडत होतात का म्हणून! अहो, मघाशी बेल वाजली.”

“कुणाची?”

“आपली! पोस्टमन वाट बघून परत गेला!”

टीव्हीचा आवाज एवढा की बातम्या गल्लीला फुकट. दूध उतू जाऊन गॅसवर चर्र आवाज, अप्पा शेजारीच उभे, ढिम्म. आईने कानाच्या डॉक्टरकडे नंबरसुद्धा लावून ठेवला होता, अप्पा दर वेळी काहीतरी कारण काढून पुढे ढकलायचे. गुडघा दुखतोय, पाणी येणार आहे, आज नको.

आणि या सगळ्यात त्यांची वकील कोण? मी! “आई, तू उगाच त्यांच्या मागे लागतेस. माझं सगळं ऐकतात ते. सकाळपासून दोनदा बसले माझ्यासमोर, एक ‘मग’ चुकला नाही त्यांचा. ज्याला ऐकू येत नाही तो असं करेल का?”

आई आत निघून जायची. अप्पा माझ्याकडे बघून मान हलवायचे, बघ म्हणून.

त्यातच ते डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. माझं पहिलं एकटीचं काम, पहिल्या विटेपासून. पेशंटनी वेळ घ्यायची, की त्यांना मेसेज जाणार, त्यात एक लिंक. लिंक दाबली की वेळ पक्की. बस्स. बहुतेक सगळे पेशंट म्हातारे, मोतीबिंदूचे, म्हणून अक्षरं मोठी, बटण मोठं, दुसरं काही म्हणजे काही नाही त्या पानावर. मी आईला बिनचष्म्याची बसवून ते पान तपासलं होतं, इतकं मनापासून केलं होतं.

सर म्हणाले होते, “तीन वाजता डॉक्टर मॅडम स्वतः करून बघणार आहेत. जमलं तर साइट तुझी, पुढचं सगळं तूच बघायचं. नाही जमलं तर मी वरच्या मजल्यावरच्या टीमला देतो, माझा नाइलाज आहे.” वरच्या मजल्यावरची टीम म्हणजे ती सिनियर मंडळी. वाईट नाहीत बिचारी, पण एकदा काम वर गेलं की खाली येत नाही. मग मी जन्मभर दुसऱ्यांच्या साइटची बटणं उजवीकडून डावीकडे सरकवणार.

सकाळी साइट खऱ्या पत्त्यावर आणली. आधी ती चाचणीच्या एका तात्पुरत्या पत्त्यावर होती, तो पत्ता बंद केला. सेटिंगच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला. पानं झकास उघडतात, फॉर्म भरला जातो, सगळं चकाचक. मी माझ्याच फोनवर वेळ घेतली, मेसेज आला, लिंक दाबली. पान सापडत नाही!

का? तर मेसेजमध्ये पत्ता जुना. तो तात्पुरता. बंद केलेला.

मी सेटिंग पुन्हा बघितलं, नवाच पत्ता. हे फ्रेमवर्क सेटिंगची एक प्रत जवळ काढून ठेवतं, दर वेळी फाइल उघडायला नको म्हणून. ती प्रत पुसली. पुन्हा वेळ घेतली. जुना पत्ता! सगळ्या कोडमध्ये जुना पत्ता शोधला. कुठे नाही! एका ओळीत नाही! माझ्या लॅपटॉपवर चालवलं तर अगदी बरोबर, नवा पत्ता. सर्व्हरवर जुना. मग नसलेला पत्ता आणतोय कोण? भूत?

तेवढ्यात सरांचा फोन. “काय गं, तयार ना?”

मी म्हटलं, “हो सर, शेवटचं थोडं…”

ते म्हणाले, “थोडं म्हणजे किती? बघ हं, जमत नसेल तर आत्ताच सांग, वरच्यांना तेवढाच वेळ मिळेल.”

मी म्हटलं, “जमतंय सर.” फोन ठेवला.

“अप्पा! तक्रार आहे!”

अप्पा आले नाहीत. बाल्कनीत कुंड्यांशी काहीतरी करत होते. मी जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले, तेव्हा वर बघितलं आणि लगेच हात पुसत आले. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही, बघा.

खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर. “बोला मॅडम, तक्रार काय?”

“अप्पा, साइट नवीन घरात राहायला आलीये. सगळ्यांना नवा पत्ता सांगितलाय. पण मेसेज जातो त्यात पत्ता जुनाच.”

“मग?”

“मग मी सेटिंग बघितलं, बरोबर आहे. प्रत पुसली…”

“मग?”

“मग काय, तरी जुनाच!” बोलता बोलता लॅपटॉप चार्जिंग मागायला लागला. मी उठले, मागच्या भिंतीपाशी जाऊन चार्जर लावायला लागले, पाठ त्यांच्याकडे, आणि तशीच बोलत राहिले. “आता मेसेज पाठवतं कोण? साइट स्वतः नाही पाठवत. पेशंट खोळंबून राहायला नको, म्हणून साइट फक्त एक चिठ्ठी टाकते, आणि मागे एक वेगळा कामगार प्रोग्राम बसलेला असतो तो चिठ्ठ्या उचलून मेसेज धाडतो. बरोबर?”

मी अडखळले. थांबले.

काही नाही.

मी भिंतीकडे तोंड करून त्या “मग?” ची वाट बघतेय. घड्याळाची टिकटिक तेवढी. मला वाटलं उठून गेले की काय. वळले. अप्पा तिथेच, कोपर टेबलावर, माझ्याकडेच बघत. आणि माझं तोंड दिसताक्षणी, “मग?”

बघा, माझं काम काय आहे? एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघायचं. सवयच ती. मला करायचं नव्हतं, पण झालं माझ्याकडून. मी समोर जाऊन बसले, आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. काहीतरी, अर्थ नसलेलं. भुवया उंच केल्या, जशा नेहमी करते. आणि थांबले.

“मग?” अप्पा म्हणाले.

मी पुन्हा केलं. नुसते ओठ. थांबले.

“मग?”

आणि मग त्यांना कळलं. काय दिसलं माझ्या चेहऱ्यावर कोण जाणे, पण चेहरा वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली नाकावर घेतला आणि टेबलाच्या कडेवरचा नसलेला कचरा झाडायला लागले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते वर बघेपर्यंत थांबले. “अप्पा, कधीपासून?”

“आधी तुझी तक्रार,” ते म्हणाले. “माझी नंतर. तुझी तीनची आहे ना?”

“अहो पण तुम्हाला काहीच ऐकू येत नाही?”

“येतं. कुणी कानाशी बोललं तर थोडं येतं. समोर बसून छोटं वाक्य सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं. बाकी नुसताच गोंगाट, शब्द नाहीत.”

“मग इतके दिवस माझं…”

“तू कुठे थांबतेस ते मला पाठ आहे गं,” अप्पा म्हणाले. म्हणजे असं, अगदी साधं, पाणी प्यायलो असं सांगावं तसं. “सुरुवातीला ऐकत होतो ना, तेव्हाच पाठ झालं. अडलीस की खालचा ओठ चावतेस, सापडत आलं की डोळे वर जातात. आता ऐकू आलं काय, नाही काय. मी त्या पाठांतरावरच चालवतो.”

मी त्यांच्याकडे बघत बसले. रडूच यायला लागलं होतं. आणि शपथेवर सांगते, त्या रडण्याच्या अधेमध्ये कुठेतरी डोक्यात खटका पडला. सुरुवातीला पाठ झालं. आता त्यावरच चालवतो.

“अप्पा! तो मागे बसलेला कामगार!”

“मग?”

“तो मी परवा चाचणीच्या वेळी सुरू केला! सुरू होताना तो सेटिंग एकदाच वाचतो, आणि मग तो बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत परत बघतच नाही! मी इकडे फाइल बदलतेय, प्रत पुसतेय, पण त्याला कुठे काय ऐकू… तो परवाच्या पाठांतरावर चालवतोय! जुना पत्ता त्याला पाठ आहे! आणि माझ्या लॅपटॉपवर तो कामगारच नाही, म्हणून तिथे बरोबर!”

सगळं बोलून झालं आणि मग मला कळलं, की मी हे सगळं अशा माणसाला ओरडून सांगतेय ज्याला त्यातला एक शब्द पोचत नाहीये. आणि तो माणूस असा हसत होता, जसं काही कुणीतरी पलीकडून “ठेवतो हं” म्हटलंय.

एका ओळीची आज्ञा असते हो. कामगाराला सांगायचं, हातातली चिठ्ठी संपव आणि नव्याने सुरू हो. दिली. माझ्या फोनवर वेळ घेतली. मेसेज आला. दाबला. पांढऱ्या पानावर ही मोठी अक्षरं: तुमची वेळ पक्की झाली.

फोन अप्पांच्या समोर धरला. त्यांनी चष्म्यातून, मग चष्म्यावरून, दोन्हीकडून वाचलं.

“नोंदवली,” ते म्हणाले.

तीन वाजून गेले, सरांचा फोन येईना. मी इकडून तिकडे येरझारा, अप्पा खुर्चीत बसून माझ्याबरोबर मान फिरवतायत, आई स्वयंपाकघराच्या दारातून आम्हा दोघांकडे बघतेय की यांना झालंय काय. मग वाजला. सर म्हणाले, “अगं, मॅडमनी स्वतःच्या फोनवर केलंच नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“त्यांच्या आईच्या हातात दिला फोन. नव्वदीच्या आहेत त्या. म्हणाल्या, हिला जमलं तर सगळ्यांना जमेल. आणि जमलं की! मॅडम विचारत होत्या, हे पान कुणी केलं. मी तुझं नाव सांगितलं. आता तूच बघायचंस हं ते, कळलं? माझ्याकडे काही पाठवू नकोस.”

मी काय सांगू तुम्हाला. मी उडीच मारली, आई ओरडली, खालचे लोक वर येतील म्हणून. मी अप्पांना समोर जाऊन सगळं सांगितलं, एकेक शब्द सावकाश, तोंड मोठं करून. सरांपेक्षाही त्यांना सांगताना छाती जास्त फुगली माझी.

आणि मग आठवलं.

मी त्यांना हाताला धरून उठवलं. माझ्या खुर्चीत बसवलं, लॅपटॉपसमोर. आणि मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. कोपर टेबलावर ठेवलं. चष्मा नाही मला, म्हणून नुसताच कपाळाला हात लावला.

“बोला,” मी म्हटलं. “तक्रार काय?”

अप्पा हसले. “काही नाही गं.”

मी नुसती बघत राहिले. त्यांच्याकडूनच शिकलेय.

मग डाव्या कानाला हात लावून म्हणाले, “डावा आधी गेला. वाटीवाला.”

“मग?”

“मग म्हटलं, उजवा आहे की. मग तोही जायला लागला त्याच्या मागे मागे.”

“मग?”

“मग आई बोलायला लागली डॉक्टरचं. मी म्हटलं, डॉक्टर तपासणार, कागदावर लिहून देणार. एकदा कागदावर आलं की घरात सगळ्यांना कळणार. आणि मग तू…” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, स्वच्छच होता तो. “मग तू कशाला सांगशील मला? जाऊ दे, त्यांना कशाला त्रास, म्हणशील. बरोबरच आहे ते. बहिऱ्याला कुणी तक्रार सांगतं का? ऑफिसातनं एकदा रिटायर झालो मी. ते ठीक आहे, नियमच असतो. पण या खुर्चीतनं…”

तिथे ते अडखळले. मला “मग” म्हणायचं होतं. आलाच नाही आवाज. पण ओठ हलले असणार, कारण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “झालं. एवढीच.”

“नोंदवली,” मी म्हटलं.

दारातून आई म्हणाली, “आणि मला आयुष्यात एकदा तरी कुणी ‘मग’ म्हणालं का, विचार त्यांना!” आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली. आतून भांडी जरा जास्तच वाजायला लागली. अप्पांनी मला विचारलं, “काय म्हणाली?” मी सांगितलं. ते उठले, आत गेले, ओट्याशी आईच्या समोर जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. भांडी थांबली एवढं खरं.

दुसऱ्याच आठवड्यात कानाचे डॉक्टर झाले, मशीन आलं. शेंगदाण्याएवढं, कानामागे बसणारं. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, कानातून काढलं की आधी बंद करायचं, चालू ठेवलं तर शिट्टी वाजते. पहिले दोन दिवस तर अप्पांनी घरात धुमाकूळ घातला. “हा कसला आवाज?” फ्रिजचा अप्पा. “आणि हा?” तुमच्या चपलेचा. “ही एवढी बोलते?” आईबद्दल. आई म्हणाली, “मशीन परत देता येतं का बघा.” बेल वाजली की आता सगळ्यांच्या आधी अप्पा दारात. टीव्ही हळू. पोस्टमनशी गप्पा. आई आता खरंच पुटपुटते, मुद्दाम, आणि ते पकडतात.

आणि माझं काय झालं ऐका! पहिली तक्रार घेऊन बसले त्यांच्यासमोर, मशीन लावल्यावरची. पेशंटच्या यादीचं पान उघडायला फार वेळ लागत होता. मी म्हटलं, “अप्पा, प्रत्येक पेशंटसाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न जातोय.”

तर अप्पा म्हणाले, “डेटाबेस म्हणजे?”

मी सांगितलं.

“आणि प्रश्न कोण विचारतं? तो मागचा कामगार का?”

“नाही अप्पा, तो वेगळा.”

“मग त्याला सांग ना, सगळे प्रश्न एकदम विचार म्हणून.”

आता ते बरोबरच होतं हो, पण मला कुठे कसं सांगायचं ते शोधायचं होतं, आणि मी अडखळले की ते “मग?” म्हणायच्या ऐवजी विचार करत बसायला लागले! कपाळाला आठ्या घालून! सगळी लय गेली. दोघांनाही कळेना कुणाची पाळी आहे.

अप्पा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात कानामागे नेला, मशीन काढलं, लॅपटॉपच्या शेजारी ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला. कोपर टेबलावर.

“बोला मॅडम,” ते म्हणाले. “तक्रार काय?”

मशीन टेबलावर बारीक शिट्टी वाजवत होतं. बंद करायचं राहिलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ताठ बसून, अगदी ड्युटीवर बसावं तसे. मी हात पुढे करून ते बंद केलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.